मधलं नाव

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. यापुढे कोणालाही फ्लॅट भाड्याने देण्याआधी त्या माणसाचा क्रेडिट स्कोअर तपासला जाईल आणि तो साडेसातशेच्या वर असेल तरच ना-हरकत पत्र मिळेल, असं त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. ‘टेनंट’चं स्पेलिंग चुकलं होतं. मी पर्समधून पेन काढून ते दुरुस्त केलं आणि वर आले. बाकीचा कागद पेनाने दुरुस्त होण्यासारखा नव्हता.

नातवंडांनो, तुम्ही परदेशात जिथे राहता तिथे स्कोअर म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. पण आमच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना मला तो समजावून सांगावा लागला, म्हणून इथेही सांगते. कर्ज काढायचं, हप्ते वेळेवर भरायचे, की तुमचे गुण वाढतात. हप्ते चुकले की कमी होतात. आणि ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, किंवा जो कालच त्या देशात उतरला आहे, त्याला गुणच नाहीत. तो चांगला की वाईट हा प्रश्न पुढचा. आधी तो आहे की नाही, इथूनच सुरुवात.

आपल्याकडे याला पत म्हणायचे. जुनी पत काही फार सोवळी होती असं मी म्हणणार नाही. तीही आडनाव ऐकून, जात बघून मिळायची, आणि बाईला तर नवऱ्याच्या नावावरच मिळायची. पण नाकारणाऱ्याचं तोंड तरी समोर दिसायचं. त्याला चार शब्द ऐकवता यायचे.

हा कागद लावणारे आमचे सेक्रेटरी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, तुमच्या आजोबांचे मित्र, मला वहिनी म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात ते मुलीकडे कॅनडाला राहून आले आणि आल्यापासून त्यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘तिकडे’ने व्हायला लागली. तिकडे जिन्यात चपला नसतात. तिकडे कोणी हॉर्न वाजवत नाही. आणि मग एकदा भाजी घेऊन येताना त्यांनी मला लिफ्टजवळ गाठलं.

“वहिनी, तिकडे स्कोअरशिवाय घर मिळत नाही. एक आकडा बघायचा, बस्स. माणूस कसा आहे, काय खातो, कुठला आहे, काही विचारायची गरजच नाही.”

“कुठला आहे हेही नाही?”

“नाहीच. सगळं सायंटिफिक.”

 मला एक जुनी संध्याकाळ आठवली. त्यांची मुलगी नुकतीच तिकडे गेली होती आणि तिला घर मिळत नव्हतं. हेच गृहस्थ आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसले होते, समोरच्या चहावर साय धरली होती, आणि ते तुमच्या आजोबांना ओरडून सांगत होते, “माझी मुलगी गोल्ड मेडलिस्ट! आणि ते तिला विचारतात, तुमची हिस्टरी काय? अहो, पंचवटीत पाच पिढ्यांची हिस्टरी आहे आमची!” तुमच्या आजोबांना हसू आवरेना. ते म्हणाले, “अरे, मग गोदावरीचं सर्टिफिकेट पाठव.” सेक्रेटरी रागावून निघून गेले होते. चहा मलाच ओतून द्यावा लागला.

तुमच्या बाबांचंही त्याच सुमाराला तिकडे तसंच झालं होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं आहे की नाही मला माहीत नाही. नोकरीचं पत्र खिशात होतं, तुमची आई गरोदर होती, आणि तीन इमारतींमधून त्यांना परत पाठवलं होतं. एकाने वर्षभराचं भाडं एकदम मागितलं. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, “आई, मी इथे कोणीच नाही गं.” तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मग एका श्रीलंकेच्या म्हाताऱ्या बाईने आपल्या घराचं तळघर दिलं. तिने कागद मागितला नाही. तुमच्या आईच्या पोटाकडे बघून तिने एकच विचारलं, “बाळ कधी?” आणि किल्ली दिली. ताई, तू त्या तळघरात पहिल्यांदा रांगलीस.

म्हणून तो कागद बघितल्यावर मला नुसता राग आला नाही, किळस आली. ज्यांनी हे सोसलं त्यांनीच ते सामानातून घरी आणलं, तिकडची चॉकलेटं आणावीत तसं, आणि इथे वाटायला बसले.

आता ज्यांना ते वाटलं गेलं त्यांच्याबद्दल सांगते.

आमच्या इमारतीतल्या जवळजवळ सगळ्या खिडक्यांना डासांच्या जाळ्या एकाच माणसाने बसवल्या आहेत. नदी जवळ असल्यामुळे जाळीशिवाय इथे झोपता येत नाही. हा माणूस मूळचा बिहारचा. लग्नाआधी नाशिकला आला, आधी अंबडच्या एका कारखान्यात होता, मग ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि जाळ्यांचं काम शिकून स्वतःचं काम करायला लागला. बायको घरी साड्यांना फॉल-पिको करते. मुलगी पाचवीत, आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून जी मराठी शाळा आहे तिथे. शाळा सुटली की ती माझ्याकडे इंग्रजीचं पुस्तक घेऊन यायची. मला आजी म्हणायची. जन्म नाशिकचा, बोलणं नाशिकचं, आणि बापाच्या मराठीवर तिची सारखी नजर.

“आंटीजी, मी आली होती सकाळी, तुम्ही नव्हते,” तो दारातून म्हणायचा.

“पप्पा! मी आलो होतो. आणि तुम्ही नव्हता.”

“बघा आंटीजी, घरात पण मास्तरीण, बाहेर पण मास्तरीण.”

“आणि आंटीजी नाही, आजी. किंवा काकू.”

“तुझी आजी. माझी आंटीजी. चल, वही काढ.”

एकदा ती मला म्हणाली, “आजी, इंग्रजीत मावशी, काकू, आत्या सगळ्या एकच. मग त्यांना कळतं कसं कोण रागवलीय ते?” 

त्यांचं एकच दुखणं होतं, घर. इथे भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो. आपल्या माणसाचा करार वर्षानुवर्षं नुसता पुढे वाढवत नेतात, पण बाहेरच्या माणसाला अकरावा महिना संपला की उठवतात. तो रुळू नये, त्याचा हक्क वगैरे लागू नये, अशी भीती. त्यामुळे त्या मुलीला वर्गांवरून घरं आठवायची. पहिलीत टपरीच्या वरची खोली, दुसरीत पेठ रोडची, तिसरीत परत कुठली. शाळाही दोनदा बदलली होती. या शाळेत मात्र ती रमली होती. पाचवीच्या स्कॉलरशिपचा वर्ग तिथल्या बाई फुकट घ्यायच्या आणि परीक्षा फेब्रुवारीत होती. घरमालकाने डिसेंबरअखेर खोली रिकामी करायला सांगितली होती. जवळपास घर मिळालं नाही तर थेट अंबडच्या पलीकडे जावं लागणार होतं, तिथे त्याचा एक गाववाला होता. म्हणजे शाळा पुन्हा बदलणार होती.

आणि माझ्या समोरचा फ्लॅट रिकामा होता.

त्याची मालकीण पुण्याला लेकीकडे राहते. मी तिला फोन केला. ती म्हणाली, “जाळीवाला ना? माझ्याकडे बसवून गेला तेव्हा जाताना फरशीसुद्धा पुसून गेला होता. देऊन टाका. सोसायटीचं तेवढं बघा.”

सोसायटीचं बघायला आम्ही रविवारी सकाळी पार्किंगमधल्या टेबलाशी गेलो. तो, मी आणि मुलगी. सेक्रेटरींनी फोनवर भाडेकरू तपासायचं कुठलंसं ॲप घेतलं होतं. चष्मा कपाळावर, फोन नाकाजवळ.

“पूर्ण नाव सांग.”

त्याने सांगितलं. दोन शब्द.

“मधलं नाव?”

“नाही साहेब. एवढंच आहे.”

“एवढंच कसं असेल? वडिलांचं नाव नाही का तुला?”

“वडिलांचं आहे ना. ते वडिलांचं आहे.”

“अरे, तेच मधलं. आणि आडनाव?”

“हे दुसरं आहे तेच, साहेब. आमच्याकडे असंच असतं.”

“तुमच्याकडे काहीही असतं,” सेक्रेटरी म्हणाले आणि त्याच्या बापाचं नाव मधल्या चौकटीत टाकून मोकळे झाले.

मराठी माणसाला हे सुचतच नाही. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, हा डबा तीन कप्प्यांचाच असतो अशी आपली समजूत. एखाद्याचा डबा दोन कप्प्यांचा निघाला तर आपण तिसरा कप्पा मनाने भरतो आणि त्याला मदत केली असं समजतो. सेक्रेटरींनी यात दुष्टपणा केला असं मी म्हणत नाही. पॅनचा क्रमांक मागण्याचा मात्र त्यांनी कंटाळा केला. “नावावरून येतं सगळं,” म्हणाले.

“जन्मतारीख?”

“एक जानेवारी.”

सेक्रेटरी हसले. “तुम्हा लोकांचे सगळ्यांचे वाढदिवस एकाच दिवशी कसे रे? केक तरी होलसेलमध्ये मिळत असेल.”

“भाऊ,” मी म्हटलं, “तुमची एक जूनच ना?”

आमच्या पिढीतल्या निम्म्या मराठी माणसांची तारीख एक जून आहे, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच लिहिली. तुमच्या आजोबांचीही तीच. बिहारच्या मास्तरांनी जानेवारी निवडला, एवढाच फरक. सेक्रेटरींना ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने फोनच्या पडद्यावर एक लाल अर्धवर्तुळ आलं. स्कोअर पाचशेच्या जरासा वर. लुधियानात घेतलेल्या मोटरसायकलचे हप्ते थकलेले.

“लुधियाना?” तो म्हणाला. “साहेब, लुधियाना मी पाहिलंच नाही. आणि मोटरसायकल मला चालवता येत नाही. बायकोची स्कूटी आहे, तिच्यावर मी चौकट धरून मागे बसतो.”

“सगळे असंच म्हणतात.”

“खरंच येत नाही,” मुलगी म्हणाली. “पप्पा एकदा पडले होते. शेण होतं खाली.”

“तू गप्प बस, बाळ. मोठी माणसं बोलतायत.”

मी तो अहवाल माझ्या फोनवर मागून घेतला आणि वर येऊन नीट वाचला. मी तीस वर्षं विमा कार्यालयाच्या क्लेम विभागात काढली. नावातल्या एका अक्षरासाठी बायका महिनोन्‌महिने आमच्या काउंटरवर येत राहायच्या. पॉलिसीवर माहेरचं नाव, दाखल्यावर सासरचं, आणि सासरी तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. अशा बाईला, तू तीच आहेस हे सिद्ध कर, असं सांगायचं असतं. माझीही दोन नावं आहेत, तांदळाच्या ताटात लिहून मिळालेलं एक आणि त्याआधीचं एक. त्यामुळे कागदावरचा माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे असं मी कधी गृहीत धरत नाही.

त्या अहवालातही तेच होतं. नाव तीन शब्दांचं, जन्मतारीख एक जानेवारी, पॅनच्या जागी नुसती रेघ, आणि पत्ता लुधियानाचा. बिहारमध्ये हे नाव किती जणांचं असेल, त्यातल्या किती जणांच्या बापाचं तेच नाव असेल आणि किती मास्तरांनी एक जानेवारी लिहिली असेल, याचा त्या ॲपने विचार केला नव्हता. सेक्रेटरींनी बापाचं नाव मध्ये घुसवलं आणि एका परक्या माणसाची मोटरसायकल याच्या दारात उभी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. त्याचं पॅन कार्ड, आधार, फोन समोर. नाव दोनच शब्दांचं, जसं कार्डावर तसं. या वेळी खरा अहवाल आला. ड्रिल मशीन हप्त्यांवर, फेडलं. फ्रिज हप्त्यांवर, फेडला. फोन, फेडला. एकही हप्ता उशिरा नाही. अर्धवर्तुळ हिरवं, आणि आकडा नोटीस बोर्डावरच्या आकड्याच्या बराच वर.

“आजी, पप्पा पास झाले?”

“फर्स्ट क्लास.”

ती खुर्चीवरून उतरली आणि सरळ समोरच्या बंद दाराला कान लावून उभी राहिली, जणू आत कोणी राहत होतं. “आजी, इथून शाळेची घंटा ऐकू येईल.” मग तिने मला विचारलं की ती कोणत्या खोलीत झोपेल. मी म्हटलं, आधी ना-हरकत पत्र येऊ दे.

तो हसत होता. म्हणाला, “आंटीजी, पहिल्यांदा कोणी माझा हिशोब बरोबर वाचला.” मला वाटलं, झालं काम.

अहवाल छापून घेऊन मी स्वतः सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

“इतका वर कसा?”

“म्हणजे?”

“वहिनी, तुम्ही सरळ आहात. विचार करा. इतका स्कोअर केव्हा होतो? माणूस सारखं कर्ज काढत असेल तेव्हाच ना? फ्रिज कर्जावर, फोन कर्जावर. उद्या भाडंही कर्जावर भरेल.”

मला आधी वाटलं ते थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते.

“भाऊ, कमी होता तेव्हा तो बुडवणारा होता. आता जास्त आहे तर तो कर्जबाजारी. मग किती असला तर चालेल?”

“तसं नाही. सर्वांसमोर ठेवू. जनरल बॉडी ठरवेल.”

जनरल बॉडी म्हणजे पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मी अहवालाच्या प्रती काढून नेल्या, एकेक सगळ्यांच्या हातात दिली. लुधियानाची चूक कशी झाली ते सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. त्याने आपल्या घरात किती चांगलं काम केलं हेही दोघांतिघांनी सांगितलं. मग तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही. फारच सज्जन माणूस आहे. पण एक आला की त्यांचे दहा येतात. आणि शेवटी फ्लॅटच्या किमतीचा प्रश्न आहे.”

“त्याला आपण बेडरूममध्ये ड्रिल घेऊन उभं करतो,” मी म्हटलं. “आपण किचनमध्ये असतो, तो एकटा आत असतो. तेव्हा कोणाला किमतीचा प्रश्न पडत नाही.”

“ते काम आहे हो. राहणं वेगळं.”

“मग स्कोअर कशाला मागितलात?”

“पारदर्शकता म्हणून,” सेक्रेटरी म्हणाले.

“तुमचा किती आहे, भाऊ?”

ते खुर्चीत ताठ झाले. “माझा? वहिनी, मी आयुष्यात एक रुपया कर्ज घेतलं नाही. मला स्कोअरच नाही!”

“म्हणजे नोटीस बोर्डाप्रमाणे तुम्हाला इथे राहता येणार नाही.”

मागच्या ओळीत कोणीतरी हसलं. सेक्रेटरी लाल झाले.

“मी मालक आहे, वहिनी! आणि मी इथला आहे!”

तेव्हा तो शब्द बाहेर आला. इथला. तो आधी बोलून टाकला असता तर निदान आमचे दोन आठवडे आणि त्या मुलीचा आनंद तरी वाचला असता. पण आता तो शब्द उघड बोलायचा नसतो. आता त्याच्यासाठी एक आकडा असतो, ॲप असतं, अर्धवर्तुळ असतं. माणूस नको असला तर त्याच्यापुढे गणित मांडायचं आणि त्याने ते बरोबर सोडवलं की गणितच बदलायचं. मी तिथे बसले होते आणि मला माझ्याच शेजाऱ्यांची शिसारी येत होती. ही तीच माणसं होती जी तुमचे आजोबा गेले तेव्हा तेरा दिवस माझ्या स्वयंपाकघरात राबली होती. चांगली माणसं आहेत. म्हणूनच जास्त शिसारी.

ठरलं काय, तर विषय पुढच्या सभेत घ्यायचा. पुढची सभा जानेवारीत होती. सगळ्यांना माहीत होतं की त्याची खोली डिसेंबरअखेर जाणार. ‘नाही’ कोणी म्हणालं नाही. मी मालकिणीला फोन केला, की सोसायटीला न विचारता देऊन टाका. ती म्हणाली, “मला एकटीला भांडण झेपायचं नाही हो. तुम्ही समजून घ्या.” तेही मी समजून घेतलं.

ते अंबडच्या पलीकडे गेले. सामान छोट्या टेम्पोत मावलं. जायच्या आदल्या दिवशी मुलगी माझी पुस्तकं परत द्यायला आली. मी म्हटलं, ठेव. ती म्हणाली, “आजी, पप्पा तर पास झाले होते ना?” मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, पास झाले होते, पण त्यांनी निकाल लावला नाही. ती म्हणाली, “मग परत परीक्षा असेल?” मी पुस्तकं परत तिच्या दप्तरात भरली.

रविवारी माझ्याकडे येत जा, असं मी तिला सांगितलं होतं. दोन बस बदलून ती बापाबरोबर काही रविवार आली, मग येणं थांबलं. नव्या शाळेत स्कॉलरशिपचा वर्ग नाही. ती परीक्षेला बसली नाही.

जानेवारीच्या सभेत तो विषय निघालाच नाही, कारण समोरचा फ्लॅट तोवर गेला होता. सेक्रेटरींच्या मेहुणीचा मुलगा तिथे राहायला आला. मालेगावकडचा, इथे कुठल्यातरी कंपनीत लागला आहे. मुलगा बरा आहे. मी सेक्रेटरींना जिन्यात विचारलं, “याचा रिपोर्ट?”

“अहो वहिनी, घरचाच मुलगा आहे.”

आणि मग मार्चमध्ये, डास वाढल्यावर, त्या ‘घरच्याच’ मुलाच्या खिडक्यांना नवी जाळी बसवायची ठरली. सेक्रेटरींनी कोणाला बोलावलं असेल? सकाळी ड्रिलचा आवाज आला आणि मी दार उघडलं. तो शिडीवर होता. खाली सेक्रेटरी उभे राहून सांगत होते, “नीट घट्ट बसव. बाहेरचं काही आत येता कामा नये.”

“नाही येणार, साहेब,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हतं. मी शोधलं.

काम झाल्यावर त्याने फरशी पुसली. मी त्याला चहाला बोलावलं. मुलगी कशी आहे विचारलं. ठीक आहे म्हणाला, आता कमी बोलते. मग खिशातून एक कागद काढून दाखवला, मोठ्या आनंदाने. नव्या शाळेत आणि नव्या खोलीच्या करारात त्याने स्वतःचं नाव तीन शब्दांचं लिहिलं होतं. मध्ये वडिलांचं नाव.

“आता सगळीकडे हेच सांगतो, आंटीजी. आधार पण बदलून घेणार. इथे बीचमध्ये नाव नसलं तर लोकांना माणूस अधुरा वाटतो.”

मी त्याला सांगितलं की असं करू नकोस. तुझा हिरवा आकडा दोन शब्दांच्या माणसाचा आहे, या तीन शब्दांच्या माणसाला कोणी ओळखणार नाही, आणि ओळखलंच तर लुधियानावाला म्हणून ओळखतील. कागद पुन्हा दोन शब्दांचे करून घे, मी अर्ज लिहून देते.  “म्हणजे इथल्यासारखं केलं तरी चूक?” तो म्हणाला. अर्ज मी लिहून दिला. त्याने घडी घालून खिशात ठेवला. तो पुढे दिला की नाही मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी मी हे सगळं फोनवर तुमच्या बाबांना सांगितलं. मला वाटलं, निदान त्यांना तरी माझ्याइतकाच संताप येईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आई, त्यांनी चुकीचं केलं, मान्य. पण काहीतरी निकष लागतोच. मी आमच्या बिल्डिंगच्या कमिटीवर आहे ना, आम्हीही नव्या लोकांचा स्कोअर बघतो. कोण कुठून येतं, आम्हाला कसं कळणार?”

मी विचारलं, “नुकतं आलेलं कोणी असलं तर?”

“मग कठीण असतं,” ते म्हणाले. “त्यांना कळतं ते. आम्हीही ते दिवस काढलेच की.”

 कुकरची शिट्टी झाल्याचं निमित्त सांगून फोन ठेवला.

हे त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही, तुमच्यासाठी लिहिलं आहे. तुमच्यापैकी कोणीतरी उद्या अशाच एका टेबलाशी बसेल, समोर दोन शब्दांचं नाव असलेलं कोणी उभं असेल, आणि हातात एक अर्धवर्तुळ असेल. पण त्याआधी एक काम करा. एकदा जेवताना तुमच्या बाबांना विचारा, ती तळघरवाली बाई किल्ली देताना त्यांना काय म्हणाली होती. त्यांना आठवतंय का बघा. नसेल आठवत तर तुम्ही सांगा.